कंपनी फिटिंग

आमच्या गाडीला शून्यापासून ताशी शंभरचा वेग गाठायला ८.८ सेकंद लागतात, असं कंपनी सांगायची. आमच्या फाटकातून रस्त्यावर यायला तिला सतरा मिनिटं लागतात. हे कुणी सांगितलेलं नाही. मी स्वतः मोबाईलवर वेळ लावून मोजलंय.

या सतरा मिनिटांचा विधी ठरलेला आहे. आधी मुलगा जिन्याखालच्या दोन फळ्या काढतो. एक गटाराच्या ढाप्यावर, दुसरी फाटकाच्या उंबऱ्याला तिरकी. मग बायको रस्त्याच्या मधोमध उभी राहून मोटारसायकलवाल्यांना हात दाखवते. मग मी गाडी सुरू करतो, आणि गल्लीतली कुत्री, म्हाताऱ्या आणि वरच्या मजल्यावरचं तान्हं बाळ अशी सगळी एकदम जागी होतात. एवढ्यात समोरचे निवृत्त मास्तर, कुणी बोलावलेलं नसताना, डांबराला जवळजवळ गाल टेकून गाडीच्या पोटाखाली बघायला लागतात. "येऊ द्या... येऊ द्या... अजून येऊ द्या... लागली! थांबा!" गेलं वर्षभर मी त्यांना विनवतोय, की 'थांबा' हा शब्द 'लागली'च्या आधी घ्या. त्यांना ते तत्त्वतः पटतं. वेळेवर सुचत नाही.

गाडी एकदाची रस्त्याला लागली की हात झटकत विचारतात, "आज कुठं स्वारी?"

"दळण आणायला."

मी शिरूरच्या एका शाळेत मराठी शिकवतो. मराठीच्या मास्तरानं कोणतं वाहन घ्यावं याचे आमच्याकडे संकेत आहेत. आधी स्कूटर, पुढे मुलगा नोकरीला लागला तर एक पांढरी छोटी गाडी, तीही मुलाच्या नावावर. पण आमच्या गावाचं म्हाताऱ्यांच्या तोंडचं नाव घोडनदी. इंग्रजांची छावणी इथं होती तेव्हा घोडदळ होतं. अशा गावात १४५ घोड्यांचं इंजिन आणणं हे परंपरेला धरूनच आहे, असं मी बायकोला समजावलं. ती म्हणाली, "घोडे १४५ असू द्यात. हाकणारा कोण आहे ते मला माहितीय."

गाडी म्हणजे फियाटची अबार्थ पुंटो. ऑक्टोबर २०१५ मध्ये बाजारात आली तेव्हा दिल्लीत शोरूमची किंमत ९ लाख ९५ हजार होती. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि नाकावर विंचू. काटेकोर शास्त्रार्थ काढला तर हिला स्पोर्ट्स कार म्हणता येणार नाही. चार दारं, मागं बाक, डिकी, सगळा संसार आहे. खरी दोन सीटांची, उघड्या टपाची, फायबरच्या अंगाची देशी स्पोर्ट्स कार म्हणजे गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म. तीही मी एकदा जाहिरातीत पाहिली होती. पण दोन सीटा म्हणजे मी आणि आई, मुलगा, बायको यांतलं कुणीतरी एक. ती निवड करण्याइतका वेगवान पुरुष मी नाही. म्हणून पुंटो, तीही तिसऱ्या मालकाच्या हातची.

घेताना माझा हिशोब फार व्यवहारी होता. शिरूरहून पुण्याकडं निघालं की लगेच रांजणगावची एमआयडीसी लागते. फियाटचा कारखाना तिथलाच, आणि माझी गाडी त्याच कारखान्यात जन्मलेली. म्हणजे गावातलीच मुलगी करून घेतल्यासारखं. काही दुखलं-खुपलं तर माहेर हाकेच्या अंतरावर. पुढं पुंटो बनायची थांबली हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ माहीत नव्हता. माहेरचा वाडा आजही भरलेला आहे. फक्त अंगणात आता जीप खेळतात.

तो अर्थ स्पेअर पार्टच्या दुकानात कळला.

"कुठली गाडी?"

"इथलीच. रांजणगावची."

दुकानदारानं संगणकात बघितलं, पुन्हा बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "इटलीहून मागवावं लागंल. दीड महिना धरा."

मी बाहेर येऊन उन्हात उभा राहिलो. बसनं अर्ध्या तासात जाता येईल अशा गावात जन्मलेल्या गाडीचा रबरी पाइप समुद्र ओलांडून यायचा होता.

पण हे नंतरचं. सुरुवातीला सगळं मंगल होतं. गाडी आणली त्याच दिवशी रांजणगावच्या महागणपतीला नेली. अष्टविनायकातला गणपती आणि गाडीचं जन्मगाव, एका पेट्रोलमध्ये दोन्ही. नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली, आणि आई कुंकू लावायला नाकाशी गेली ती तशीच मागं सरली.

"हे काय रे?"

"विंचू आहे. कंपनीचं चिन्ह."

"देवाच्या दारात इंगळी घेऊन आलास?"

मी तिला सगळा इतिहास सांगितला. ही कंपनी कार्लो अबार्थ नावाच्या गृहस्थांनी १९४९ साली काढली, त्यांचा जन्म १५ नोव्हेंबरचा, रास वृश्चिक, म्हणून विंचू. राशीचं नाव निघताच आई जरा नरमली. परक्या देशातला का होईना, माणूस पत्रिका मानणारा निघाला. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर विंचवावर 'आईची कृपा' असं पिवळ्या रंगाचं स्टिकर चिकटलेलं. म्हणजे या गाडीतला पहिला बदल, ज्याला मुलं मॉडिफिकेशन म्हणतात, तो आईनं केला. कायम टिकेल असा बदल तेवढा एकच आहे.

माझं डोकं फिरलं ते मोबाईलवरच्या व्हिडिओंनी. शाळेतून आलं की पोहे खाता खाता मी ते बघायचो. प्रत्येक व्हिडिओत एक स्वच्छ गॅरेज, भिंतीवर ओळीनं टांगलेले पाने, आणि पांढरा शर्ट न मळवता गाडी खोलणारा एक तरुण. तो म्हणायचा, हे कुणीही घरी करू शकतं. 'कुणीही'मध्ये आपण येतो, एवढं मराठी मला कळत होतं. मी पाने आणले. दहा-अकरा, बारा-तेरा, गोटीपाने, एक जॅक, दोन घोड्या. घोडे आता १४७ झाले.

पहिलं काम गाडी खाली बसवण्याचं. हिची जमिनीपासूनची मूळ उंची १५५ मिलिमीटर. व्हिडिओतल्या तरुणाच्या मते ही उंची शोभत नाही. वेग असणाऱ्या वस्तूनं जमिनीला बिलगून असावं. मी आखूड स्प्रिंगा मागवल्या आणि बसवायला मात्र मिस्त्रीकडं नेल्या, कारण स्प्रिंग निसटली तर माणसाचं काय होतं याचाही एक व्हिडिओ होता. आमचे मिस्त्री ट्रॅक्टरपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळं दुरुस्त करतात. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"सर, आपल्याकडं लोक गाडी वर उचलून घ्यायला येतात. पाटे वाढवतात. खाली करायला तुम्ही पहिलेच."

"त्यानं वळणावर पकड वाढते."

"कुठल्या वळणावर?"

मी गप्प बसलो. पुणे-नगर रस्ता आमच्याकडं ताणलेल्या सुतळीसारखा आहे.

"सर, कंपनी फिटिंग आहे. हात नका लावू," ते पुन्हा म्हणाले. 'कंपनी फिटिंग' हे दोन शब्द आमच्या भागात ज्या आवाजात उच्चारतात तो आवाज एरवी फक्त लग्न जुळवताना ऐकू येतो. जुनी गाडी विकायला काढली की विकणारा मायलेज सांगत नाही, मालक किती झाले सांगत नाही, बॉनेटवर हात ठेवून म्हणतो, "एक पाना लागलेला नाही. सगळं कंपनी फिटिंग." मी मात्र हट्टानं फिटिंग काढलं. मिस्त्रींनी मूळ स्प्रिंगा पोत्यात भरल्या आणि पोत्यावर खडूनं काहीतरी लिहिलं. तेव्हा मी वाचलं नाही.

आता गाडीची उंची १२० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धी वीत. आमच्याकडून तासाभरावर निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पाण्यातल्या दगडगोट्यांनी गरगर फिरून युगानुयुगे कातळ कोरला आणि ते झाले. लांबलांबून लोक बघायला येतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची शाखा आहे, पण ती युगानुयुगे लागून नव्हे, दोन पावसाळ्यांत झाली. आणि गतिरोधक! ज्या गावात पाटी नाही, तिथंही गतिरोधक आहे. कुणाच्या लग्नात मांडव पडला म्हणून, कुणाचा जावई रस्त्याकडेला राहतो म्हणून. प्रत्येक गतिरोधकाला आमची गाडी तिरकी होते, कुटुंब खाली उतरतं, गाडी रिकामी पलीकडं जाते, कुटुंब पुन्हा चढतं. एकदा न्हावऱ्यापर्यंत जाऊन आल्यावर बायको म्हणाली, "एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तुमच्या गाडीत पूर्ण तिकीट आणि वर चालायचं." त्या दिवसापासून दौंडला माहेरी ती एसटीच्या लाल गाडीनंच जाते.

दुसरं काम सायलेन्सरचं. मूळ सायलेन्सर उगाच आवाज दाबतो, असं व्हिडिओत होतं. मी चमकता, जाड तोंडाचा सायलेन्सर आणला. जुना काढून बायकोच्या ताब्यात दिला. भंगारात घालवू नको, ठेवून दे, असं बजावून. तिनं तो दौंडला माहेरी नेऊन ठेवला. एसटीत तिला अर्धं तिकीट लागलं, सायलेन्सरचं लगेज वेगळं.

नव्या आवाजाचं वर्णन करणं अवघड आहे. उसाचा चरक, वरातीतला बेंजो आणि रुसलेला रेडा यांनी एकत्र गाणं बसवावं, तसा. आठवड्याच्या आत सकाळी साडेसहाला पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. काच खाली केली तर समोर खाकीत दहावी ब.

"सर, तुम्ही? मला वाटलं कॉलेजची पोरं."

मी ओशाळून हसलो. त्यानं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगितलं. गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, हे इतक्या शुद्ध वाक्यात सांगितलं, की शिक्षक म्हणून मला बरं वाटलं. मग तो डोकं खाजवत म्हणाला, "सर, एक म्हण शिकवली होती तुम्ही. पाण्याची होती. खळखळाट का काय..."

"उथळ पाण्याला खळखळाट फार."

"हां, तीच. पाठ होती, अर्थ आज कळला."

बोर्डाच्या पेपराआधी सराव परीक्षेत मी त्याला ३५ दिले होते. त्यानं मला १००० लावले.

आवाजाचा एक उपयोग मात्र झाला, निदान होईल असं वाटलं. मळ्यातला चुलतभाऊ म्हणाला, "दादा, रात्री एक फेरी उसाकडनं मारत जा. बिबट्या लांब राहील." बिबट्याची थट्टा आमच्या तालुक्यात कुणी करत नाही; ऊस आणि बिबट्या दोन्ही अगदी उंबऱ्याशी आलेत. त्यामुळं मी हे कर्तव्य म्हणून घेतलं आणि तीन रात्री बांधाच्या रस्त्यानं गाडी गुरगुरवत नेली. चौथ्या दिवशी त्याचाच फोन.

"दादा, राहू दे."

"का? बिबट्या आला?"

"बिबट्याचं कळलं नाही. म्हशीनं दूध चोरलंय."

हा चुलतभाऊ बैलगाडा शर्यतवाला आहे. मधली काही वर्षं शर्यती बंद होत्या. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या वैध ठरवल्या, तेव्हा त्यानं गावजेवण घालायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. त्याच्या गोठ्यात बैलांना पंखा आहे. दूध, अंडी, गव्हाचं पीठ, बदाम असा खुराक आहे. माझ्या आणि त्याच्या वेडात फरक काय, हे मी त्याला एकदा विचारलं, आणि विचारायला नको होतं.

"तुझी ॲव्हरेज किती देती?"

हा प्रश्न आमच्याकडं माणूस मेल्यावर चित्रगुप्तही विचारत असावा. मी म्हणालो, "दहा."

"दहा?" त्यानं बैलाच्या पाठीवर हात फिरवला, बैलाला धक्का बसू नये म्हणून. "आणि पळायला?"

"शंभरला ८.८ सेकंद."

"माझी जोडी बारा सेकंदात घाट मारती. मागच्या जत्रेत मोटारसायकल मिळवली. तुझीनं काय मिळवलं?"

"चलन."

तरी माझी खुमखुमी जिरली नव्हती. पुण्याहून एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला, गाडीच्या मेंदूला वायर जोडली, अर्धा तास टकटक केलं आणि म्हणाला, "वीस घोडे वाढले." मी आनंदानं गाडी काढली. वीसच्या वीस घोडे पहिल्या गतिरोधकाशी जाऊन उभे राहिले. तो ओलांडला तर पुढं दोन ट्रॉल्या उसाचा ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, वर गाणी जोरात. ट्रॉल्या उजवीकडं झुलल्या की मला डावीकडून रस्ता दिसे आणि डावीकडं झुलल्या की समोरून येणारी एसटी. गणेगावच्या फाट्यापर्यंत मी त्याच्या मागं होतो. तेवढ्यात एका मोपेडनं आम्हा दोघांनाही ओलांडलं. तिच्यावर नवरा, बायको, दोन पोरं आणि एक शेळी होती.

मग मी देखभालीकडं वळलो. निदान इंजिनचं तेल तरी घरी बदलू. तेल बदलायचं तर गाडीखाली जावं लागतं, आणि गाडी मी अर्ध्या वितीवर आणून ठेवलेली. घोड्यांवर चढवली तरी माझं पोट आणि चेंबर यांच्यात वाद झाला. इथं कार्लो अबार्थांची पुन्हा आठवण झाली. १९६५ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, मोंझाच्या धावपट्टीवर विक्रम करायला ते एका चिंचोळ्या गाडीत मावेनात, तेव्हा सफरचंदं खाऊन खाऊन त्यांनी ३० किलो वजन उतरवलं. आमचा तालुका सफरचंदांचा नाही. मी आठवडाभर डाळिंबं खाऊन बघितली. डाळिंब सोलण्यातच इतकी भूक लागते की पाठोपाठ भाकरी खावी लागते.

शेवटी श्वास सोडून आत शिरलो. शिरलो ते शिरलोच. श्वास घेतला की अडकायचो. तेलाचा नट सैल झाला, आटे गेलेले असल्यामुळं एकदम निघाला, आणि काळं तेल घमेल्याऐवजी माझ्या बाहीत शिरायला लागलं. नेमका त्याच वेळी वरून बायकोचा आवाज.

"अहो, गॅसवाला आलाय. सुट्टे कुठं आहेत?"

"खिशात."

"कुठल्या?"

"घातलेल्या पँटच्या."

थोडा वेळ शांतता. मग माझ्या खिशात एक हात शिरला. तो बायकोचा नव्हता. गॅसवाला म्हणाला, "सर, वर-खालचे तीस रुपये घेऊ का, की पुढच्या वेळी?"

मला बाहेर ओढायला मास्तर, गॅसवाला आणि मुलगा असे तिघं लागले. अंगणातल्या रांगोळीवर तेलाचा जो ओघळ गेला, तो घासून काढायला आईला दिवाळीपर्यंत वेळ लागला. सगळं परत बसवल्यावर एक नट, दोन स्क्रू आणि एक क्लिप उरली. व्हिडिओतल्या तरुणाचं काहीच कधी उरत नाही. माझ्याकडं श्रीखंडाचा एक डबा आहे, त्यात प्रत्येक दुरुस्तीनंतरची शिल्लक जमा होते. मुलगा म्हणतो, अजून दोन सर्व्हिसिंग केल्या की डब्यातून दुसरी गाडी निघेल.

ती क्लिप टर्बोच्या पाइपाची होती, हे चौफुल्याला कळलं.

मेहुण्याच्या घरी बारसं होतं. बायको आदल्या दिवशीच एसटीनं दौंडला गेलेली. मी मागून एकटा गाडी घेऊन निघालो. न्हावरा, मग भीमेवरचा पारगावचा पूल, केडगाव-चौफुला, पाटस, दौंड. पूल सुखरूप ओलांडला. चौफुल्यात शिरताना बॉनेटखाली 'फस्स' असा आवाज झाला, गाडीचा जीव गेला आणि ती घरंगळत रस्त्याकडेला थांबली. मी वर बघितलं. समोर कला केंद्राची भली मोठी पाटी. आतून ढोलकीचा ठेका.

चौफुला कशासाठी प्रसिद्ध आहे हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. लावणी ही आपली थोर लोककला आहे, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. पण वर्गात शिकवणं वेगळं आणि संध्याकाळी सात वाजता 'आईची कृपा' लिहिलेली लाल गाडी तिच्या दारात उभी असणं वेगळं. फोन वाजला.

"कुठं पोचलात?"

"चौफुल्याला. गाडी बंद पडली."

"चौफुल्याला कुठं?"

"रस्त्यावर."

"मागं ढोलकी वाजतीय."

"रस्त्यावरच वाजतीय."

फोन ठेवला गेला. पुढच्या वीस मिनिटांत शिरूर तालुक्यातली निम्मी जनता त्या रस्त्यानं गेली असावी. प्रत्येकानं वेग कमी केला, हॉर्न वाजवला आणि आदरानं "नमस्कार सर!" म्हटलं. एका पालकानं तर थांबून विचारलं, "काही लागलं तर सांगा," आणि डोळा मिचकावला की धूळ गेली ते अजून कळलेलं नाही. मला मदत केली ती तमाशाच्या टेम्पोच्या ड्रायव्हरनं. त्यानं बॉनेट उघडलं, निसटलेला पाइप बघितला, टेम्पोतून बायंडिंग वायर आणली आणि पाच मिनिटांत पाइप आवळून बांधला.

"सर, वस्तू बांधायची तर आवळून बांधावी," तो म्हणाला. "आमच्याकडं घुंगरू सुटलेलं चालत नाही."

दौंडला पोचलो तेव्हा बारशातलं जेवण संपून सुपारी चालली होती आणि शिरूरहून आईचा फोन येऊन गेलेला होता. सासरे दारात उभे. "या जावईबापू," ते म्हणाले. "बंद पडायला गाडीनं जागा बरी निवडली."

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. ते रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झाले. चिकटले तेव्हा वाफेची इंजिनं होती. दौंड जंक्शनवर त्यांची अपार श्रद्धा. पुण्याहून मनमाडकडं जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथं काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं. तेवढ्यात प्रवाशांचा चहा व्हायचा, झोपलेली माणसं उठून 'गाडी परत पुण्याला चालली की काय' म्हणून घाबरायची. आता कॉर्ड लाइन झाल्यापासून काही गाड्या जंक्शनात न शिरताच परस्पर वळतात, याचं दुःख मामा घरातलं कुणी गेल्यासारखं सांगतात.

सकाळी त्यांनी गाडी तपासली. पाना घेतला नाही. लहान हातोडा घेतला आणि प्रत्येक चाकावर एकेक टोला मारून कान लावला. रेल्वेत चाक असंच वाजवून बघतात. मग बॉनेट उघडलं आणि बराच वेळ नुसतेच उभे राहिले.

"ही वायर?"

"टेम्पोवाल्यानं बांधली."

"एवढंच काम नीट झालंय. बाकीचं कुणी केलं?"

"मी."

"स्प्रिंगा का बदलल्या?"

"पकड..."

"सायलेन्सर?"

"आवाज जरा..."

"आवाज कमी होता म्हणून वाढवला?" मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "जावईबापू, उद्या मी तुमच्या ज्ञानेश्वरीत मधेमधे माझ्या चार ओव्या घातल्या, तर चालंल का?"

मी काही बोललो नाही. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "त्यांना विचारा, तुमच्या ओव्यांनी आवाज वाढणार असेल तर चालेल." मामा त्या दिवशी चार वाजेपर्यंत गाडीखाली होते. सत्तरीचा सडपातळ माणूस, अर्ध्या वितीतून साप जावा तसा गेला. मी बाहेर उकिडवा बसून पाने देत होतो आणि मागितला त्याच्या शेजारचा देत होतो.

तेव्हापासून गाडी परत कंपनी फिटिंगला नेण्याचं काम चालू आहे. जे काढायला जेवढे पैसे लागले, ते परत बसवायला त्याच्या दीडपट लागताहेत, हे मी घरात सांगितलेलं नाही. हा लेख घरात कुणी वाचत नाही म्हणून इथं लिहितोय. लॅपटॉपवाल्या मुलानं वीस घोडे परत काढून घेतले आणि काढण्याचेही पैसे घेतले. मूळ स्प्रिंगांसाठी मिस्त्रीकडं गेलो. भंगारात गेल्या असतील या भीतीनं दारातच विचारलं. ते काही न बोलता आत गेले आणि कोपऱ्यातलं पोतं घेऊन आले. पोत्यावरचा खडू अजून स्पष्ट होता : 'सर. परत येतील.' पुढच्या सोमवारची वेळ दिली आहे.

राहिला सायलेन्सर. तो दौंडला सुखरूप आहे, पण मामांनी तो न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाला धुराडं म्हणून जोडलाय. परत मागितला तेव्हा त्यांनी मला मुद्दाम पहाटे उठवून बंब पेटवून दाखवला. धूर झकास बाहेर जातो. जाळ किती का घाला, आवाज म्हणून नाही. "दौंडातला सगळ्यात शांत बंब आहे," मामा म्हणाले. "काढायचा नाही. आता तीच कंपनी फिटिंग."

तेव्हा वाचकांपैकी कुणाकडं पुंटोचा मूळ सायलेन्सर पडून असेल, तर कृपा करून कळवा. बदल्यात माझा चमकता सायलेन्सर फुकट देईन. चालू स्थितीत आहे. खात्री करायची असेल तर शिरूरच्या बाह्यवळणावर कुणालाही विचारा. सकाळी दळणाच्या वेळेला तिथपर्यंत ऐकू येतो.